मासात्लानला निघण्याआधी: पीठ, प्लेग आणि एक फ्रेंच जहाज

फेब्रुवारीत मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या मासात्लान बंदरात कार्निव्हल बघायला जायचं म्हटलं की पहिला घोळ होतो तो तारखांचा. कार्निव्हलचा शेवट मंगळवारी, एवढं पक्कं. पण तो मंगळवार ३ फेब्रुवारीला येणार की ९ मार्चला, हे ईस्टरवर अवलंबून, आणि ईस्टर चालतो चंद्रावर. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. त्याच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार म्हणजे कार्निव्हलचा अखेरचा दिवस. ज्या घरात भिंतीवर पंचांगाची पानं उलटली जातात तिथल्या माणसाला हे गणित परकं वाटायला नको. पौर्णिमेपासून दीड महिना मागे मोजलं की अमावस्या येते, त्यामुळे कार्निव्हल कुठल्याही वर्षी अमावस्येच्याच आसपास पडतो. २०२६ साली मासात्लानची मोठी मिरवणूक आणि आपली महाशिवरात्र एकाच दिवशी, रविवारी १५ फेब्रुवारीला. २०२७ साली कार्निव्हलचा शनिवार ६ फेब्रुवारीला आहे आणि अमावस्याही त्याच दिवशी. शनिवार कशाला सांगतोय ते पुढे येईलच.

अमावस्येचा हा योग बघून गटारी आठवली नाही तर तो मराठी माणूस कसला! श्रावण लागायच्या आत मटणाचा शेवटचा हात मारून घ्यायचा, तसं ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायच्या आत मांस, दारू, दंगा सगळं उरकून घ्यायचं. ‘कार्निव्हल’ या शब्दाच्या मुळाशी मांस बाजूला सारणं हीच कल्पना आहे. फरक एवढाच की आपली गटारी घरात आणि गुत्त्यात साजरी होते, त्यांची रस्त्यावर.

मासात्लान हे सिनालोआ राज्यातलं पॅसिफिक किनाऱ्यावरचं बंदर, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. नाव नावात्ल भाषेतलं, अर्थ ‘हरणांची जागा’. हरणं आता शहराच्या बोधचिन्हात उरली आहेत. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे धावणारे कित्येक जण मेक्सिको आडवा पार करून इथूनच सान फ्रान्सिस्कोचं जहाज पकडत. शहर व्यापारी होतं, जर्मन पेढ्या होत्या, धक्क्यावर हमालांची मोठी वस्ती होती. इथल्या कार्निव्हलची गोष्ट या हमालांपासून सुरू होते, राजाराणीपासून नव्हे.

गावात सांगतात की १८२७ साली इथल्या शिबंदीने थकलेल्या पगारासाठी बंड केलं, आणि पगार हाती पडल्यावर शिपाई तोंडाला पीठ फासून नाचले. ही कथा कितपत खरी मानायची ते ज्याने त्याने ठरवावं. पीठ मात्र खरं होतं. एकोणिसाव्या शतकात मासात्लानचा कार्निव्हल म्हणजे पिठाची लढाई होती. एका बाजूला धक्क्याकडची वस्ती, दुसऱ्या बाजूला ‘आबास्तो’, म्हणजे मालपुरवठ्याच्या बाजाराकडची वस्ती. आधी पीठ, मग राख, मग रंग भरलेली अंड्याची टरफलं, आणि डोकी तापली की दगड. धुळवडीला दोन आळ्यांमध्ये जे होतं तेच.

हा खेळ मेक्सिकोत जन्मला नाही. स्पेनमध्ये त्याला ‘अंत्रुएखो’ म्हणत, पोर्तुगालमध्ये ‘एंत्रुदु’. स्पॅनिश जहाजांबरोबर तो पश्चिमेला गेला आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर पूर्वेला, थेट गोव्यात. कोंकणीतला ‘इंत्रूज’ हा शब्द त्याचाच. गोव्यातही जुन्या पिढीचा इंत्रूज म्हणजे एकमेकांवर पीठ आणि रंग उडवणं होतं. आज पणजीत दिसणारी चित्ररथांची मिरवणूक १९६५ पासूनची. म्हणून ‘गोव्याच्या कार्निव्हलसारखंच असेल ना?’ असं कुणी विचारलं तर उत्तर होय असं द्यावं, पण सारखेपणा चित्ररथांत शोधू नये. तो पिठात आहे.

मासात्लानमध्ये पिठाचे दिवस संपले १८९८ साली. दंगा हाताबाहेर जातोय असं शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना वाटू लागलं होतं. त्यांनी समिती नेमली, डॉक्टर मार्तिनियानो कार्वाखाल यांच्या अध्यक्षतेखाली, आणि ठरवलं की यापुढे पिठाऐवजी रंगीत कागदाचे कपटे आणि कागदी फिती उधळायच्या, सजवलेल्या घोडागाड्यांची मिरवणूक काढायची. थोडक्यात, मेळ्याची सूत्रं हमालांच्या हातून पांढरपेशांच्या हाती गेली. आजचा ‘अधिकृत’ कार्निव्हल आपलं वय या वर्षापासून मोजतो. पहिल्या वर्षी राजा होता, राणी आली १९०० मध्ये. पण लढाईची एक आठवण समितीलाही पुसता आली नाही. ‘कास्कारोनेस’, म्हणजे कागदाचे कपटे भरून वरून चिकटवलेली अंड्याची रिकामी टरफलं, अजूनही विकत मिळतात आणि ती अनोळखी माणसाच्या डोक्यावर फोडायची असतात. रागवायचं नाही, हा एकच नियम.

नवी घडी बसते न बसते तोच प्लेग आला. १९०२ च्या अखेरीस मासात्लानात रुग्ण सापडू लागले, आणि १९०३ साली कार्निव्हल झालाच नाही. हा तोच प्लेग. १८९६ मध्ये मुंबईला, १८९७ मध्ये पुण्याला ज्याने घेरलं त्याच जागतिक साथीची ही पुढची लाट, जहाजांतल्या उंदरांबरोबर बंदरामागून बंदरं घेत पॅसिफिकपर्यंत पोचलेली. उपायही ओळखीचे: घरांची झडती, रुग्णांना वेगळं काढणं, संसर्ग झालेली घरं जाळून टाकणं. मुंबईत बसून हाफकिनने तयार केलेली लस तिथेही टोचली गेली. रँडच्या पुण्यातल्या कहाण्या लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला मासात्लानच्या जुन्या गल्लीतून चालताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. यानंतर महामारीपायी कार्निव्हल रद्द झाला तो २०२१ साली.

त्याआधीही एका साथीने या शहरावर कायमची खूण ठेवली होती. ऑगस्ट १८८३ मध्ये आंखेला पेराल्ता ही गायिका आपली ऑपेरा मंडळी घेऊन इथे आली. युरोपची नाट्यगृहं गाजवून आलेली बाई, ‘मेक्सिकोची बुलबुल’ म्हणून ओळखली जाणारी. त्यात पिवळा ताप पसरलेला. ३० ऑगस्टला ती गेली, मंडळीतले बहुतेक जणही गेले. गावातल्या जुन्या थिएटरला पुढे तिचं नाव दिलं. त्या इमारतीचं मग काय काय झालं! तिथे सिनेमे लागले, १९७५ च्या चक्रीवादळाने ती पार मोडकळीला आणली, आत झाडं वाढली. १९९२ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली आणि तिच्याबरोबर माचादो चौकाभोवतीचं जुनं गाव सावरत गेलं. कार्निव्हलच्या दिवसांत थोडा वेळ शांत बसायचं तर हा चौक बरा, तोही दुपारी.

आता शनिवार. त्या रात्री ओलास आल्तासच्या, म्हणजे ‘उंच लाटां’च्या किनाऱ्यावर ‘कोंबाते नावाल’ होतो. शब्दशः नाविक युद्ध, प्रत्यक्षात समुद्रावरची आतषबाजी. ३१ मार्च १८६४ रोजी ‘कोर्देलिएर’ नावाच्या फ्रेंच युद्धनौकेने शहरावर तोफा डागल्या आणि किनाऱ्यावरच्या मेक्सिकन तोफखान्याने तिला परतवून लावलं, त्याची ही आठवण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेंच परत आले, शहर घेतलं आणि पुढची दोन वर्षं हलले नाहीत, हे मात्र फटाक्यांमध्ये कुणी दाखवत नाही. असो, जिंकलेलीच लढाई साजरी करायची असते. आणि वर सांगितलेलं पंचांग इथे उपयोगी पडतं: हा शनिवार नेहमी अमावस्येच्या आगेमागे असल्यामुळे आकाश काळंकुट्ट मिळतं. कुणी ठरवून केलेलं नाही, ईस्टरच्या गणिताने आपोआप झालेलं आहे. एकच रात्र हाताशी असेल तर माझं मत शनिवारच्या बाजूने. मोठ्या मिरवणुका रविवारी आणि मंगळवारी समुद्राकाठच्या रस्त्याने निघतात, त्या बघायला पैसे पडत नाहीत. पण स्थानिक कुटुंबं आधीपासून खुर्च्या आणि छत्र्या मांडून जागा धरतात. ओलास आल्तासचा भाग शनिवारी रात्री कुंपण घालून तिकिटावर सोडतात.

फटाक्यांच्या आधी एक पुतळा जळतो. ‘केमा देल माल उमोर’, वाईट मूड जाळणं. वर्षभरात लोकांच्या डोक्यात गेलेल्या एखाद्या पुढाऱ्याची किंवा प्रसिद्ध व्यक्तीची प्रतिमा करून तिला आग लावतात. कोण जळणार यावर शहरात आधीपासून पैजा लागाव्यात इतकी चर्चा. होळीला बोंब मारणारे आपण, समजावून सांगायची गरज नाही.

माझ्या मते या उत्सवातला सगळ्यात वेगळा भाग मात्र कवितेचा. ‘खुएगोस फ्लोरालेस’, पुष्पक्रीडा, नावाची काव्यस्पर्धा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्निव्हलला जोडली गेली. कल्पना आली फ्रान्समधल्या तुलूझची, तिथे १३२४ मध्ये पहिली अशी स्पर्धा झाली आणि विजेत्याला फूल देण्याची चाल पडली. मासात्लानच्या काव्यपुरस्काराला तुलूझच्याच दंतकथेतल्या क्लेमेन्सिया इसाउराचं नाव आहे. १९६५ पासून त्याच्या जोडीला मासात्लान साहित्य पुरस्कारही दिला जातो. पहिला मानकरी कवी होसे गोरोस्तिसा, पुढे एलेना पोनियातोव्स्का आणि ओक्ताव्हिओ पास. ओक्ताव्हिओ पास मेक्सिकोचे भारतातले राजदूत म्हणून दिल्लीत राहिले होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. जत्रेच्या मांडवातच साहित्य संमेलनाचा सत्कार उरकावा तसा हा प्रकार. बिअरच्या पिंपांपासून हाकेच्या अंतरावर कवीला सन्मान मिळतो, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

बिअर आणि बँड यांचा उगम बराचसा त्याच जर्मन मंडळींकडे जातो. पासिफिको ही बिअर १९०० मध्ये इथल्या जर्मनांनी सुरू केली. पितळी वाद्यांची हौसही काही अंशी त्यांची मानतात, पण गावोगावच्या वादकांनी ट्यूबा, क्लॅरिनेट आणि भला थोरला ढोल ‘तांबोरा’ एकत्र आणून जे केलं ते अस्सल सिनालोआचं. मासात्लानजवळच्या एल रेकोदो गावात क्रूझ लिझारागा यांनी १९३८ मध्ये उभा केलेला बँड आज देशभर ठाऊक आहे. लग्नातला ब्रास बँड आणि नाशिक ढोल एकाच वेळी कानाशी वाजतोय, अशी कल्पना करा. मार्च २०२४ मध्ये हॉटेलवाल्यांनी किनाऱ्यावरच्या बँडच्या आवाजाबद्दल तक्रार केली, तेव्हा वादक वाद्यांसह रस्त्यावर उतरले आणि शहर बहुतांशी त्यांच्या बाजूने उभं राहिलं. तेव्हा शांत झोप हवी असेल तर ओलास आल्तासला खोली घेऊ नये, आणि घेतलीच तर तक्रार करू नये.

याच ओलास आल्तासवर बेल्मार हॉटेल आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये कार्निव्हलच्या नृत्याच्या रात्री राज्याचे गव्हर्नर रोदोल्फो लोआयझा यांना तिथे गोळ्या घातल्या. जमिनीचं वाटप, जमीनदारांचा राग आणि अफूचा धंदा, सगळे धागे त्या खुनात गुंतलेले होते. सिनालोआतल्या गुन्हेगारीच्या बातम्या आज वाचताना ती रात्र फार जुनी वाटत नाही. सप्टेंबर २०२४ पासून इथल्या टोळीच्या दोन गटांत युद्ध पेटलं, तरी २०२५ चा कार्निव्हल झाला. २०२५ साली अमेरिकेचा प्रवासइशारा सिनालोआला जाऊ नका असं सांगत होता आणि मासात्लानला मात्र आपल्या कर्मचाऱ्यांना सवलत देत होता, तीही विमानाने किंवा समुद्रमार्गे येऊन जुनं गाव आणि हॉटेलांचा पट्टा एवढ्यापुरती. दुरांगोहून येणारा, बालुआर्ते पुलावरून जाणारा नवा महामार्ग फोटोत कितीही मोहक दिसला तरी अमेरिकेतून येणाऱ्यांनी थेट विमान धरावं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, अशी सवलत बरीच वर्षं आहे. तिकीट काढण्याआधी ती अजून लागू आहे का ते बघून घ्यावं.

हिवाळ्यातला पर्यटक ही इथली नंतरची भर. १९६० च्या दशकात उत्तरेकडे ‘सोनेरी पट्टा’ उभा राहिला आणि थंडीला कंटाळलेले अमेरिकन आणि कॅनेडियन महिनोन्‌महिने मुक्कामाला येऊ लागले. फेब्रुवारीत दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास, रात्री पातळ स्वेटर, पाऊस जवळपास नाही. शहरातल्या उघड्या टॅक्सीला ‘पुल्मोनिया’ म्हणतात, म्हणजे न्यूमोनिया. १९६५ मध्ये ती निघाली तेव्हा बंद गाडीवाल्या टॅक्सीचालकांनी गिऱ्हाईक तोडायला ‘यात बसाल तर न्यूमोनिया होईल’ अशी आवई उठवली, आणि तेच नाव चिकटलं.

शेवटी पुन्हा तारखा. मेक्सिकोचा दुसरा नामांकित किनारी कार्निव्हल वेराक्रूझचा, पण तो २०२२ मध्ये उन्हाळ्यात हलवला गेला होता, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेत ‘फेब्रुवारीत वेराक्रूझ’ असं वाचून, त्या वर्षीच्या तारखा न बघता निघू नये. मासात्लान अजून चंद्रालाच धरून आहे. २०२७ चा शेवटचा मंगळवार ९ फेब्रुवारीला, आणि २०२८ चा २९ फेब्रुवारीला.