रोडावलेल्या घोड्याची तक्रार: मुंबईत ही वाट कशी पडली

उपनगरातल्या एखाद्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली बांधलेला घोडा दिवसेंदिवस खंगत चाललेला दिसतो. बरगड्या मोजता येतात, पुठ्ठ्याची हाडं वर आलेली असतात. नाल बदलून इतके महिने झालेले असतात की टापा पुढे वाढून वळलेल्या असतात आणि तो एक पाय नीट टेकवतच नाही. बघणाऱ्याचा जीव तुटतो, तो फोटो काढतो आणि तिथेच अडतो. कळवायचं कुणाला? पोलिसांना, महापालिकेला, परळच्या जनावरांच्या दवाखान्याला, की एखाद्या संस्थेला? यातल्या प्रत्येकाकडे थोडा थोडा अधिकार आहे आणि पूर्ण अधिकार कुणाकडेच नाही. असं का झालं, हे समजायला दीडशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

मुंबईत जनावरांची काळजी घेण्याची जुनी सोय म्हणजे पांजरापोळ. 1832 मध्ये कंपनी सरकारनं भटके कुत्रे मारायची मोहीम काढली, त्यावरून शहरात दंगल पेटली. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. थकलेलं, लंगडं, भाकड जनावर तिथे आणून सोडावं आणि त्यानं उरलेलं आयुष्य तिथे काढावं, अशी ती व्यवस्था होती. तिच्यामागची करुणा खरी होती, फक्त ती मालकाला जाब विचारत नव्हती. जनावराची ही गत कुणी केली, हा प्रश्न तिथे येतच नसे.

तो प्रश्न आला 1874 मध्ये. त्या वर्षी 9 मे रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जायचा, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. ट्राम कंपनीच्या पागेत 900 घोडे होते. शिवाय भाड्याच्या घोडागाड्या, शेठजींच्या बग्ग्या, आणि अरबस्तानातून, ऑस्ट्रेलियातून बंदरावर उतरणारे विक्रीचे घोडे वेगळेच. त्याच 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी बॉम्बे एसपीसीए ही संस्था स्थापन झाली. लंडनमध्ये अशी संस्था 1824 पासून होती आणि कलकत्त्यात 1861 पासून. ट्राम आणि संस्था एकाच वर्षी सुरू व्हाव्यात हा योगायोगही असेल. पण मे महिन्याच्या उन्हात भरलेला डबा ओढणारी जनावरं रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागल्यावर त्यांच्या हालांकडे पाठ फिरवणं शहराला अवघड गेलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

संस्थेला दवाखान्याची गरज होती. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी देणगी दिली आणि त्यांच्या पत्नीच्या नावानं परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभं राहिलं. 1886 मध्ये तिथेच मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे लष्करातले पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य. म्हणजे बारा वर्षांत तक्रार घेणारी संस्था, जनावर तपासणारा डॉक्टर आणि जनावर ठेवायची जागा, या तिन्ही गोष्टी शहरात जमल्या. आजही तक्रारीला नेमक्या याच तिघांची गरज लागते, म्हणून या बारा वर्षांचं मोल मला मोठं वाटतं.

कायदा मात्र वेगळ्या बाजूनं आला. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 429 होतं. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय अशी नावं घेऊन त्यात म्हटलं होतं की यांतलं जनावर मारलं, त्याला विष घातलं किंवा निकामी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. हे कलम नुकसानीच्या, आगळिकीच्या प्रकरणात बसवलेलं होतं. घोडा ही कुणाची तरी मालमत्ता, ती नासवणारा गुन्हेगार. स्वतःच्या घोड्याला उपाशी ठेवणाऱ्या मालकाला त्यातून फारसा धाक नव्हता.

मालकाला हात घातला 1890 च्या क्रौर्य प्रतिबंधक कायद्यानं, पण त्यातही एक मेख होती. जनावराला निर्दयपणे मारणं, दमेपर्यंत हाकणं, जास्त ओझं लादणं हे गुन्हे ठरले ते रस्त्यावर, लोकांना जाता येतं अशा जागी, किंवा तिथून कुणाला दिसेल असं घडलं तर. माझ्या मते मुंबईतल्या घोड्यांची सगळी कहाणी या अटीत अडकलेली आहे. चौकात चाबूक ओढणारा गाडीवान सापडायचा. तबेल्याच्या अंधारात चंदीवाचून (म्हणजे दाण्यावाचून), पाण्यावाचून उभा असलेला घोडा कुणाच्या नजरेत यायचा नाही, आणि आला नाही म्हणून गुन्हाही व्हायचा नाही. संस्थेच्या निरीक्षकांचं कामही साहजिकच नाके, अड्डे आणि घाटरस्ते यांच्याभोवती वाढलं.

स्वातंत्र्यानंतर नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खासगी विधेयक मांडून हा जुना कायदा बदलायचा आग्रह धरला. त्यातून पुढे सरकारनं 1960 चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा आणला, 1962 मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं, आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. रस्त्याची अट गेली. कलम 11 मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. आखूड दोरीला तासन् तास बांधून ठेवणं, जखमी किंवा आजारी जनावर कामाला जुंपणं हेही त्यात आलं. मालकानं ‘नोकर बघतो, मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटू नये यासाठी देखरेखीची जबाबदारीही त्याच्यावर टाकली गेली. तबेल्याचं दार कायद्यानं उघडलं ते इथे.

उघडलं, पण किलकिलंच. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हे आकडे कित्येक दशकांपूर्वीचे आहेत आणि अजून तेच लागू आहेत. 2022 मध्ये केंद्र सरकारनं ते वाढवण्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ठेवला होता. एका घोड्याचा एका दिवसाचा चारा 50 रुपयांत येत नाही. उपाशी ठेवणं हे खाऊ घालण्यापेक्षा स्वस्त पडावं, ही या देशाला न शोभणारी गोष्ट आहे.

दंडाहूनही जास्त अडचण दुसऱ्या तरतुदीची आहे. कलम 11 मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. दखलपात्र आहेत ती मोजकीच कलमं, त्यात उपाशी ठेवणं नाही. म्हणून पोलीस ठाण्यात गेलं की ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून हातात कागद मिळतो, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पुढचा तपास होत नाही. पुष्कळ जणांना वाटतं की अंमलदार टाळतो आहे. कधी टाळतही असेल, पण बऱ्याचदा त्याच्या हातात कायद्यानं तेवढंच दिलेलं असतं. दुर्लक्षामुळे घोडा कायमचा निकामी झाला किंवा मेला असं पशुवैद्यानं लिहून दिलं, तर मात्र जुन्या 429 ची वाट धरून बघता येते. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम 325 आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा डॉक्टरच्या कागदाला घोड्याच्या प्रकरणात इतकं वजन का, हे यावरून कळेल.

दरम्यान रस्त्यावरच्या घोड्यासाठी नियम बारीक होत गेले. 1965 च्या नियमांनुसार ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावराला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया नावाच्या भाड्याच्या घोडागाड्यांना तर 1920 च्या सार्वजनिक वाहनांच्या कायद्याखाली परवाना लागायचा. गाडीला नंबर असायचा. तक्रार करणाऱ्याला तेवढा नंबर पुरायचा, मालकापर्यंत धागा लागायचा.

विजेच्या ट्रामनं 1907 नंतर घोड्यांचं मोठं काम काढून घेतलं, पुढे टॅक्सीनं उरलेलं. व्हिक्टोरिया राहिली ती गेटवे, मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंटवर हौसेची फेरी म्हणून. या घोड्यांच्या हालांविरुद्ध ‘ॲनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्ट’नं उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि 8 जून 2015 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ए. के. मेनन यांच्या खंडपीठानं निव्वळ मौजेखातर चालणाऱ्या या फेऱ्या बेकायदा ठरवल्या. तबेल्यांना पालिकेचा परवाना नव्हता, हेही न्यायालयानं नोंदवलं. वर्षभरात गाड्या बंद करा, मालक-चालकांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना आखा, असं सरकारला सांगितलं. आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवरच्या नागराजा खटल्यात जनावराला भूक, तहान, वेदना आणि भीती यांपासून मुक्त जगण्याचा हक्क आहे असं म्हटलं होतं. त्याचं बळ या निकालाला होतं. 2021 मध्ये दक्षिण मुंबईत विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या.

हा निकाल योग्यच होता. डांबरावर दिवसभर उभं राहून सांधे सुजलेली ती जनावरं ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना याबद्दल शंका नसावी. पण त्याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. घोडागाड्या गेल्या, तसे नंबरही गेले. शहरात आज जे घोडे आहेत ते प्रामुख्यानं वरातीचे, शूटिंगचे, आणि चौपाटीवर चोरून फेऱ्या मारणारे. त्यांच्या अंगावर ना नंबर, ना त्यांच्या तबेल्यावर पाटी. शेजारी राहणाऱ्या माणसाची नजर हीच आता त्यांची नोंदवही.

वरातीच्या घोड्याचं वर्ष कसं जातं ते बघायला हवं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात, घोडी सजते, रात्री बँडच्या आणि फटाक्यांच्या आवाजात तासन् तास उभी राहते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि कमाई थांबते. नेमके हेच चार महिने पावसाचे. शेणमुताच्या चिखलात उभं राहून टापांच्या तळाला कुज लागते, घाण वास सुटतो. नालबंद बोलावणं पुढे ढकललं जातं, खरं तर टापा सहा-आठ आठवड्यांनी कापायला लागतात. चारा निम्म्यावर येतो. दिवसाला 25 ते 45 लिटर पाणी लागणाऱ्या जनावरापुढे एक बादली ठेवलेली असते, तीही पालथी. सगळेच मालक निर्दय असतात असं नाही. कर्ज काढून चंदी आणणारेही आहेत. पण मोसम संपला की घोडा खर्चाचा होतो, आणि श्रावणात-भाद्रपदात शेजाऱ्यांनी जास्त डोळे उघडे ठेवायला हवेत.

या सगळ्या इतिहासाचा आजच्या तक्रारीवर थेट परिणाम होतो. नंबर नाही म्हणून जागा अचूक लिहावी लागते: गल्ली, खूण, जवळचं मंदिर किंवा सोसायटी, घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा, पांढरे पाय. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो, म्हणून प्रत्येक फोटोला तारीख हवी, आणि एकच फोटो पुरत नाही. एका फोटोत घोडा बारीक दिसतो, आठवड्यानं काढलेल्या दुसऱ्या फोटोत पाण्याची बादली पुन्हा कोरडी दिसते. दुसऱ्यामुळे प्रकरण उभं राहतं. ‘फार वाईट अवस्था’ असं लिहिण्यापेक्षा दिसलं तेच लिहावं: पट्ट्याखाली तळहाताएवढी जखम, तिच्यावर माश्या, पुढचा उजवा पाय उचलून धरतो. पशुवैद्य घोड्याच्या अंगावरचं मांस 1 ते 9 अशा श्रेणीत मोजतात, त्यांना अशा वर्णनावरूनच घाई किती करायची ते ठरवता येतं.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आणि पोलिसांना एकाच वेळी लेखी कळवावं. संस्थेकडे डॉक्टर, गाडी आणि अनुभव असतो, जनावर ताब्यात घ्यायला मात्र कायद्याचा हात लागतो. उभ्या जागी पडलेला, उठू न शकणारा घोडा असेल तर आधी 112 आणि मग बाकी सगळं. मालकाशी भांडू नये, भांडण झालं की घोडा रातोरात दुसऱ्या उपनगरात हलतो. आणि कळवळ्यानं टोपलीभर पोळ्या, गूळ, भिजवलेले चणे घालू नयेत. उपासमार झालेल्या घोड्याच्या पोटात एकदम एवढं गेलं तर पोटशूळ उठतो, घोड्याला उलटी करता येत नाही, आणि वाचवायला निघालेल्या हातांनीच तो दगावतो. स्वच्छ पाणी आणि थोडं गवत, तेही डॉक्टरला विचारून.

सगळ्यात नाजूक टप्पा घोडा उचलल्यानंतरचा. कायद्यानं त्याला दवाखान्यात किंवा पांजरापोळीत ठेवता येतं आणि खर्च मालकाकडून वसूल करता येतो. खटला चालू असताना जनावर कुणाकडे राहावं यासाठी 2017 चे नियम आहेत. त्याआधी 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका पांजरापोळीच्या प्रकरणात सांगितलं होतं की ताबा देताना गुन्हा किती गंभीर आहे, मालकाचा हा पहिलाच गुन्हा आहे का, आणि परत दिल्यास जनावराचे पुन्हा हाल होतील का, हे बघावं. मालक ताब्याचा अर्ज बहुधा दोन-चार दिवसांतच करतो. त्या सुनावणीला तक्रारदाराचे तारीखवार फोटो आणि परळच्या किंवा कुठल्याही सरकारी पशुवैद्याचा तपासणी अहवाल दंडाधिकाऱ्यांपुढे असले पाहिजेत. ते नसले तर घोडा हमीपत्रावर त्याच शेडखाली परत जातो.