मधुमेह : तपासणी आणि निदानानंतरची देखरेख

रक्तातील साखर मोजून मधुमेह ओळखणे आणि निदान झाल्यावर डोळे, मूत्रपिंडे, पाय व हृदय यांची ठरावीक काळाने तपासणी करणे. प्रकार २ चा मधुमेह कित्येक वर्षे कुठेही न दुखता वाढतो, त्यामुळे त्रास होईपर्यंत थांबणे महागात पडते.

उपाशीपोटी दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २००, किंवा एचबीए१सी (साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण) ६.५ टक्के, यांपैकी एखादा आकडा गाठला वा ओलांडला की मधुमेह धरतात. लक्षणे नसतील तर खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास. पाणी चालते, सकाळचा चहा, बिनसाखरेचा असला तरी, चालत नाही. गरोदरपणी भारतात ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ही मर्यादा मानतात. तेव्हा साखर वाढलेली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागते. बाळाच्या धावपळीत ही फेरी चुकू देऊ नये.

एचबीए१सीला लोक ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. १९६८ मध्ये तेहरानात सॅम्युएल राहबर यांना मधुमेहींच्या रक्तात हे वेगळे हिमोग्लोबिन आढळले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही चाचणी निदानासाठी मान्य केली. चार दिवस गोड बंद करून उपाशीपोटीचा आकडा खाली आणता येतो, हा मात्र फारसा हलत नाही. तरी तोही चुकू शकतो : लोह कमी असेल तर जास्त दिसतो, सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारात कमी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या भागांत हे ध्यानात ठेवून प्रत्यक्ष साखर मोजणेच बरे.

उपचार सुरू झाल्यावर एचबीए१सी दर तीन महिन्यांनी, साखर आटोक्यात राहिली तर सहा महिन्यांनी करतात. बहुतेक प्रौढांसाठी उद्दिष्ट ७ टक्क्यांच्या आत असते. वयोवृद्धांसाठी ते सैल ठेवतात. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजायचा. मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन व रक्तातील क्रिएटिनिन, तसेच कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा. प्रकार २ मध्ये डोळ्यांचा पडदा निदान होताच तपासून घ्यावा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कुणीतरी असावे.

पायांच्या तपासणीला खर्च जवळजवळ नाही, तरी ती हमखास राहून जाते. रुग्ण डोळे मिटतो. डॉक्टर नायलॉनचा जाड तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तो १० ग्रॅम भाराला वाकतो. स्पर्श जाणवला की रुग्णाने ‘हो’ म्हणायचे. ‘हो’ आलेच नाही, तर चपलेतला खडा किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटकाही त्या पायाला कळेलच असे नाही. अशा माणसाने घरातही अनवाणी चालू नये, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा आणि रोज रात्री बोटांच्या बेचक्यांसह तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावे.