दिवा फडफडतोय की मधली हवा?

मे महिन्यात रावेर-यावलकडे रात्री शेतातून लांबचे दिवे बघितलेत का कधी? दिवसभर पंचेचाळीस डिग्रीत भाजलेली जमीन रात्रीसुद्धा वाफ सोडत असते आणि त्या हवेतून पलीकडच्या गावातला बल्ब नुसता थरथरत असतो. आता तो बल्ब खरंच कमी-जास्त होतोय, म्हणजे तिकडे व्होल्टेजचा गोंधळ आहे, की बल्ब ठणठणीत आहे आणि मधली हवाच हलतेय? इथे बसून एका नजरेत सांगता येत नाही भो. दूरच्या रेडिओ दीर्घिकांच्या, म्हणजे रेडिओ लहरी जोरात सोडणाऱ्या दीर्घिकांच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञांचं नेमकं हेच त्रांगडं झालं होतं, आणि ते सुटायला बरीच वर्षं गेली.

सुरुवात १९६५ ची. मॉस्कोच्या स्टर्नबर्ग संस्थेतल्या गेनादी शोलोमित्स्की यांना दिसलं की सीटीए १०२ नावाच्या एका रेडिओ स्रोताची तेजस्विता साधारण शंभर दिवसांच्या चालीने वर-खाली होतेय. त्यांचे सहकारी निकोलाय कार्दाशेव यांनी आधीच एक कल्पना मांडलेली, की हा स्रोत एखाद्या फार पुढारलेल्या परग्रहवासी संस्कृतीचा ट्रान्समीटर असू शकतो, मग काय, 'तास' वृत्तसंस्थेने बातमी सोडली आणि जगभर धमाल उडाली. दुसरीकडे त्याच वर्षी अमेरिकेत मार्टन श्मिट यांनी वर्णपटावरून सीटीए १०२ हा क्वेसार असल्याचं दाखवलं, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं पेटलेलं केंद्र, जिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८०० कोटी वर्षं लागतात. परग्रहवाशांची कल्पना तिथेच बारगळली. पण मला विचाराल तर खरी गंमत पुढे आहे, कारण बहुतेक शास्त्रज्ञांना शोलोमित्स्कींचं निरीक्षणच पटेना.

का पटेना ते बघा. एखादी वस्तू आठवडाभरात दुप्पट उजळली तर ती प्रकाश एका आठवड्यात जेवढं अंतर कापतो त्यापेक्षा फार मोठी असू शकत नाही, कारण तिच्या एका टोकाला काय झालं ते दुसऱ्या टोकाला कळायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणजे झपाट्याने बदलणारी वस्तू छोटी पाहिजे. आता शोलोमित्स्की बघत होते साडेबत्तीस सेंटिमीटरच्या लांब तरंगलांबीवर, आणि तिथे शंभर दिवसांत एवढा बदल म्हणजे एवढ्याशा जागेतून एवढी प्रचंड रेडिओ ऊर्जा, की त्या गर्दीत इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा एक्स-किरणांच्या रूपात झटक्यात गमावून बसतील आणि रेडिओचा दिवा विझेल. गणित जमत नव्हतं.

त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या २६ मीटर डिशवर विल्यम डेंट यांना थ्री-सी २७३ हा क्वेसार कमी तरंगलांबीवर, म्हणजे आठ गिगाहर्ट्झला (तरंगलांबी जितकी कमी तितकी फ्रिक्वेन्सी जास्त), बदलताना दिसला, आणि यावर कुणी फार वाद घातला नाही कारण ते भौतिकशास्त्रात बसत होतं. दीर्घिकेच्या केंद्रात कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असतं, त्यात पडणाऱ्या वायूपैकी थोडा भाग आत न जाता दोन बाजूंनी जेट बनून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. जेटमध्ये नवीन धक्का-लाट निघाली की भडका उडतो, आधी उच्च फ्रिक्वेन्सीवर, आणि मग तो ढग पसरत पारदर्शक होत गेला की महिने-वर्षांनी खालच्या फ्रिक्वेन्सीवर, तोपर्यंत बराच मवाळ झालेला. हा जेट बाजूने दिसला तर आपण त्या दीर्घिकेला रेडिओ दीर्घिका म्हणतो, आणि जवळपास थेट आपल्याकडे रोखलेला असला तर ब्लेझार. प्राणी एकच. रेडिओ दीर्घिकेचे ते लाखो प्रकाशवर्षं पसरलेले दोन फुगे आपल्या हयातीत तसूभर बदलत नाहीत, बदलतं ते केंद्र. ब्लेझारमध्ये मात्र जेट आपल्याकडेच धावत येत असल्यामुळे तेज कैक पटींनी वाढलेलं दिसतं आणि काळही आवळला जातो, तिथलं वर्षभराचं नाटक इथे महिनाभरात उरकतं.

तरी खालच्या फ्रिक्वेन्सीचं कोडं राहिलंच. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात डिक हनस्टेड यांनी ४०८ मेगाहर्ट्झवर चार स्रोत बदलताना दाखवले, आणि त्यात कोण होतं तर पुन्हा सीटीए १०२! म्हणजे शोलोमित्स्की वेडे नव्हते. उत्तर जमायला १९८४ उजाडलं. रिकेट, कोल्स आणि बुर्ज्वा यांनी सांगितलं की यातला बराचसा बदल तिकडे होतच नाही, तो आपल्याच आकाशगंगेत होतो. ताऱ्यांमधल्या जागेत विरळ आयनीभूत (विद्युतभारित) वायूचे गुठळ्या-गुठळ्यांचे पट्टे आहेत, त्यातून येताना रेडिओ लहरी वाकतात, कुठे एकवटतात कुठे पांगतात, आणि पृथ्वी-सूर्य-वायू सगळेच एकमेकांच्या मानाने सरकत असल्यामुळे महिने ते वर्षं अशा संथ गतीने स्रोत उजळ-मंद होतो. शेतातली ती तापलेली हवा! आणि तरंगलांबी जितकी मोठी तितकं वाकणं जास्त, म्हणून त्रास खालच्या फ्रिक्वेन्सीलाच जास्त.

मग ओळखायचं कसं? एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर नजर ठेवायची. वरून खाली भडका उतरत आला तर दिवाच बदलतोय, आणि फक्त खालीच हालचाल असून वर सगळं शांत असेल तर बहुतेक हवा. धुळ्याहून नाशिकमार्गे पुण्याला जाताना नारायणगाव लागतं ना, तिथून आत खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या तीस डिश, त्या नेमक्या याच खालच्या पट्ट्यात काम करतात, त्यामुळे तिथल्या माणसाला हा प्रश्न टाळताच येत नाही.

या कामाला बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते असं माझं मत. मिशिगनला ह्यू आणि मार्गो ॲलर या नवरा-बायकोने त्या एकाच डिशवर कित्येक दशकं ब्लेझार मोजले, ती मालिका २०१२ पर्यंत चालली. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून मठ काढला त्याचा, तर तसलीच ही वृत्ती, एका माणसाच्या आयुष्यात न मावणारं काम.

आणि एवढी वर्षं मोजूनही फसायला होतंच. कर्क राशीतला ओजे २८७ हा ब्लेझार घ्या, जुन्या फोटोप्लेटांवर १८८० च्या दशकापासूनच्या नोंदी, साधारण बारा वर्षांनी भडका. एक मोठं कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणारं छोटं, असं मॉडेल बांधलं गेलं, त्यात मुंबईच्या टीआयएफआरचे ए. गोपकुमारही आहेत. ३१ जुलै २०१९ चा भडका स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने भाकिताच्या चार तासांच्या आत पकडला, टाळ्या! मग २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जो यायला हवा होता तो दुसऱ्या गटाला दिसलाच नाही, आणि वाद पेटला. खरं तर नुसत्या योगायोगाच्या चढउतारातही दोन-चार आवर्तनं सहज दिसतात, डोळ्यांना नक्षी शोधायची सवयच असते. म्हणून कृष्णविवरांची जोडी म्हणून मला पीकेएस २१३१-०२१ हा ब्लेझार जास्त पटतो, त्याचा आलेख चक्क साइन वेव्हसारखा, पावणेपाच-पाच वर्षांची लय, मधे वीसेक वर्षं गायब आणि परत आला तो जुन्याच तालात.

सीटीए १०२ चंही अजून संपलेलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तो दृश्य प्रकाशात नेहमीच्या मानाने शंभरपटीहून जास्त उजळला, आणि क्लाउडिया रायतेरी यांच्या गटाने तिसरंच कारण दिलं: वाकड्या जेटचा तो भाग तेवढ्यापुरता आपल्याकडे वळला.

स्वतः बघायचा असेल तर थ्री-सी २७३ सोपा. उत्तरा फाल्गुनी आणि चित्रा यांच्या जवळजवळ मध्यावर, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद) सुमारे तेराची, म्हणजे आठ-दहा इंची दुर्बीण आणि तोरणमाळसारखं काळोखं आभाळ पाहिजे. ठिपकाच दिसतो, पण २४० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाचा. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याचं तेज लिहून ठेवा, हौशी लोकांच्या अशा नोंदी एएव्हीएसओ ही बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकी संस्था गोळा करते. एप्रिल-मेच्या रात्री त्याला बऱ्या, कारण तेव्हा तो डोक्याजवळून जातो, हवेचा थर कमी लागतो, आणि मृगाचे ढग आले की पुढचे काही महिने विषयच बंद.