एक्वुस

‘घोडा’ या अर्थाचा लॅटिन शब्द. संस्कृतातला ‘अश्व’ आणि हा ‘एक्वुस’ सख्खे भाऊ आहेत. दोघेही आदिम इंडो-युरोपीय भाषेतल्या एकाच शब्दातून आले. मूळचा ‘क’ लॅटिनने राखला, संस्कृतात त्याचा ‘श’ झाला. ‘शंभर’ या अर्थाच्या लॅटिन ‘केन्तुम’ आणि संस्कृत ‘शतम्’ या जोडीतही हाच फरक दिसतो. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातला ‘अस्प’, मध्य आशियातल्या लुप्त तोखारी भाषेतला ‘यक्वे’, जुन्या आयरिशमधला ‘एख’ ही याच घरातली भावंडे. पारशी समाजात आजही आढळणाऱ्या ‘जामास्प’ या नावात तो ‘अस्प’ आहे. प्राचीन फ्रान्समधल्या गॉल लोकांनी ‘क्व’चा ‘प’ केला, म्हणून त्यांच्या अश्वदेवतेचे नाव एपोना.

एवढा खानदानी शब्द, पण रोमन साम्राज्याच्या बोलीतून तो नाहीसा झाला. त्याची जागा ‘काबाल्लुस’ने घेतली. हा शब्द कुठून आला हे वादग्रस्त आहे. सुरुवातीला तो ओझी वाहणाऱ्या हलक्या प्रतीच्या घोड्यासाठी, म्हणजे तट्टासाठी वापरत. पुढे तोच सर्वसाधारण शब्द झाला आणि त्यातून इटालियन ‘काव्हाल्लो’, स्पॅनिश ‘काबायो’, फ्रेंच ‘शव्हाल’, पोर्तुगीज ‘काव्हालु’, रुमानियन ‘काल’ निघाले. घोडदळाला इंग्रजीत ‘कॅव्हलरी’ म्हणतात, तेही त्यामुळेच.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटावे. ऋग्वेदात घोड्याचा मुख्य शब्द ‘अश्व’ आहे. ‘घोटक’ नंतरच्या संस्कृतात येतो. पण आपल्या तोंडी राहिला तो ‘घोटक’चा ‘घोडा’. ‘अश्व’ उरला तो अश्वमेध, अश्वशक्ती अशा भारदस्त शब्दांत. ‘एक्वुस’ही असाच पंडिती शब्दांत टिकला. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 साली पाळीव घोड्याला ‘एक्वुस काबाल्लुस’ हे नाव दिले, तेव्हा हे दोन प्रतिस्पर्धी एकाच नावात शेजारी बसले.

घोडीची गोष्ट मात्र वेगळी. ‘एक्वुस’चे स्त्रीलिंगी रूप ‘एक्वा’ लोकांच्या बोलीत जगले: स्पॅनिश ‘येग्वा’, पोर्तुगीज ‘एग्वा’, रुमानियन ‘यापा’, सार्डिनियन ‘एब्बा’. या साऱ्यांचा अर्थ घोडी. पैदाशीसाठी घोडी वेगळी ओळखावी लागते. जुना शब्द तिच्यापाशी टिकला, याचे कारण तेच असावे. फ्रेंचने तोही सोडला. तिथे घोडीला ‘ज्युमाँ’ म्हणतात, आणि त्याचे लॅटिन मूळ ‘जुंपायचे जनावर’ असे आहे.

सर्वांत अनपेक्षित वंशज आफ्रिकेत सापडतो. रानघोड्याला लॅटिनमध्ये ‘एक्विफेरुस’ म्हणत. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच शब्दाचे झिजलेले रूप इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत, एका रानटी, घोड्यासारख्या प्राण्याचे नाव बनले. तो प्राणी पुढे तिथून नामशेष झाला. पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेत पोचले, तिथला पट्टेदार प्राणी त्यांनी पाहिला आणि घरचे ओळखीचे नाव त्याला दिले: झेब्रा.