नदीचा नंबर कितवा?

‘समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलं’ असं आपण सहज बोलून जातो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत हे जवळजवळ कायद्याचंच तत्त्व होतं. १८५५ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने सोन्याच्या खाणवाल्यांच्या भांडणात निकाल दिला, की ज्याने पाणी आधी वळवलं त्याचा हक्क आधी. पुढे सगळा पश्चिम भाग याच रांगेत उभा राहिला. पाणी कमी पडलं की जुन्या तारखेवाल्याला पुरं मिळणार, शेवटच्याला थेंबही नाही. बरं, हक्क मिळवायचा तर पाणी नदीबाहेर काढायला हवं, आणि बरीच वर्षं वापरलं नाही तर तो जायचा. म्हणजे नदीत पाणी राहू देणारा शेतकरी मूर्खच ठरायचा.

कोलोरॅडोने १९७३ मध्ये कायदा करून नदीत पाणी वाहू देणं हासुद्धा ‘लाभदायक वापर’ मानला. फक्त हा हक्क राज्याच्या जलमंडळानेच धरायचा. पण नव्या हक्काची तारीख नवी, म्हणजे नदी रांगेच्या शेपटाला! ऐन दुष्काळात असा हक्क कागदावरच राहतो. म्हणून ओरेगॉनने १९८७ मध्ये वेगळी वाट काढली. तिथे शेतकऱ्याचा जुना हक्क विकत, भाड्याने किंवा दान म्हणून घेऊन नदीच्या नावे करता येतो, आणि जुनी तारीखही सोबत येते.

इथून पुढे खरी गंमत आहे, जरा आकडे धरून बसा. समजा, शेतकरी १०० क्युसेक पाणी पाटात घेतो. त्यातलं ५५ लसूणघास पिऊन हवेत सोडते, म्हणजे बाष्पोत्सर्जन. उरलेलं ४५ जमिनीत मुरून काही अंतरावर पुन्हा नदीला मिळतं. आता त्याने पाट बंद केला, तर नदीच्या नावे किती पाणी लावायचं? पाटाच्या तोंडापासून पाझर परत येतो तिथपर्यंत पुरे १००. त्याच्या खाली मात्र ५५च, कारण ते ४५ खालचे हक्कदार आधीपासून वापरत आले आहेत आणि हक्काची बदली करताना दुसऱ्याचं नुकसान करता येत नाही. त्यात वेळेचा घोळ वेगळाच. जूनमध्ये शेतात मुरलेलं पाणी नदीत उगवतं ते कधी ऑगस्ट-सप्टेंबरात, तेही गार, माशांना मानवणारं. जूनचं पाणी नदीतच सोडलं तर ते तेव्हाच पुढे निघून जातं आणि सप्टेंबरात पाझरच नसतो! त्यामुळे कुठे कुठे शेतकऱ्याशी अर्ध्या हंगामाचाच करार होतो: आधी एक कापणी घ्या, मग पाट बंद.

ठिबक केलं की नदी वाचली, ही जाहिरातही याच हिशेबात अडकते. ठिबकने उपसा १०० वरून ६५ वर आला, तरी पीक पिणार ५५च. कमी झाला तो पाझर. वाचलेले ३५ नव्या जमिनीला लावले, तर नदी आधीपेक्षा गरीब होते. नदीला कायदेशीर ‘व्यक्ती’ ठरवण्याचा गाजावाजाही मला असाच वाटतो. न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला हा दर्जा दिला, पण त्यामुळे पाण्याचे आधीचे परवाने रद्द झाले नाहीत.

रांगेवरही न्यायालयाची नजर असते. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराला मिळणारे ओढे लॉस एंजेलिस शहराने वळवले होते. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की सरकार हे जनतेच्या वतीने पाण्याचं विश्वस्त आहे आणि दिलेल्या हक्कांचा ते फेरविचार करू शकतं.

आणि रांगेत सर्वांत पुढे कोण? १९०८ च्या विंटर्स खटल्यात मूलनिवासींच्या राखीव प्रदेशांना पाण्याचा हक्क मान्य झाला, तोही प्रदेश स्थापन झाल्याच्या तारखेपासून. ओरेगॉनमधल्या क्लॅमथ या मूलनिवासी जमातीच्या बाबतीत १९८३ मध्ये न्यायालय त्याहून मागे गेलं. मासेमारीसाठी नदीत पाणी राहण्याचा त्यांचा हक्क ‘अनादि काळापासूनचा’ आहे, असं म्हटलं. २०१३ च्या दुष्काळात तो पहिल्यांदा बजावला गेला, आणि शंभर वर्षं जुने हक्क असलेल्या पशुपालकांनाही आपले पाट बंद करावे लागले.