धाग्यात धागा कसा धरून राहतो

ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी मावशी क्रोशाने विणत बसायची. गुंडा संपत आला की जुन्या आणि नव्या लोकरीची टोकं थोडी उकलायची, एकमेकांवर ठेवायची, पाण्याचा हात लावायची आणि दोन्ही तळव्यांत जोराने चोळायची. बघता बघता दोन धाग्यांचा एक धागा व्हायचा. भाचीचं दुपटं विणताना मीही तेच करून पाहिलं. हात दुखेपर्यंत चोळलं, तरी टोकं वेगळीच. शेवटी गाठ मारून टोकं अगदी जवळ कापली. तिसऱ्या धुण्यात गाठ सुटली आणि दुपट्याला भोक पडलं.

मावशीची लोकर मेंढीची होती आणि माझी अ‍ॅक्रिलिकची. बाजारात दोन्हीला आपण लोकरच म्हणतो, म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

मेंढीच्या केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, सगळे मुळाकडून टोकाकडे झुकलेले. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट सरकताना अडतो. पाणी लागलं की तंतू फुगतात, मऊ होतात. चोळताना प्रत्येक तंतू थोडा पुढे सरकतो आणि त्याला मागे येता येत नाही. असे असंख्य तंतू एकमेकांत घुसले की नमदा, म्हणजे न विणता घट्ट झालेला लोकरीचा थर, तयार होतो. मावशीच्या तळव्यांत बोटभर नमदाच बनत होता. अ‍ॅक्रिलिकचा तंतू कारखान्यात द्रावणातून बारीक छिद्रांवाटे ओढलेला असतो. त्याला खवले नाहीत. मशीनमध्ये न आटणाऱ्या लोकरीचे खवलेही क्लोरीनने झिजवलेले किंवा राळेच्या थराने झाकलेले असतात, त्यामुळे तीही अशी जुळत नाही. शंका असेल तर चिमट्यात वीतभर धागा धरून, खाली पाण्याचं भांडं ठेवून, जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, त्याचा कडक मणी होतो. काही जणी अ‍ॅक्रिलिकची टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवतात. बाळाच्या कपड्यात ते मुळीच करू नये, तो मणी टोचतो.

मग अ‍ॅक्रिलिक किंवा सुताला आधार कशाचा? सुताचा धागा उलगडून बघा. कापसाचा एकेक तंतू साधारण 3 सेंटिमीटरचा, तरी गुंडा शेकडो मीटरचा. म्हणजे धागा हीच मुळात जोडांची अखंड रांग आहे. तोकड्या तंतूंचा दोर एवढं ओझं कसं पेलतो, याचा विचार गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात केला होता. मर्म पिळात आहे: ओढलं की पिळलेले तंतू एकमेकांना आणखी आवळतात आणि घर्षण वाढतं.

टोक विणीत लपवताना हेच घर्षण कामाला लावायचं असतं. चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. होडीचा दोर खुंटाला दोन वेढे दिले की मोकळं टोक एका हातात सहज धरता येतं. घर्षणांक, म्हणजे दोर खुंटावर किती अडतो याचं माप, 0.3 धरला तर एका वेढ्याने पकड सुमारे 6.6 पट होते आणि दोन वेढ्यांनी 43 पट. वेढे वाढतात तशी पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. विणीतलं प्रत्येक उलट वळण म्हणजे अर्धा वेढा. म्हणून टोक एकाच दिशेने सरळ ओवलेलं निसटतं. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरवलेलं टिकतं. त्यासाठी दोन्ही टोकं निदान 15 सेंटिमीटर ठेवायला हवीत. मी कापून टाकली होती ती नेमकी हीच लांबी. गाठीत धागा फार तीव्र वळतो, वळणाच्या बाहेरच्या तंतूंवर जादा ताण येतो, म्हणून जोरात ओढला तर तो बहुधा गाठीपाशीच तुटतो.

रंग बदलताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. क्रोशाचा टाका उंच खांब असो वा बुटका मुका खांब, शेवटी सुईवर उरणारा फास पुढच्या टाक्याचा माथा असतो. म्हणून जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचे दोन फास सुईवर असतानाच नवा धागा घेऊन दोन्हीतून काढायचा. नाहीतर नव्या रंगाच्या पहिल्या टाक्यावर जुन्या रंगाचा ठिपका दिसतो.

दुपट्याची ती ओळ मी उसवली, नवा तुकडा जोडून पुन्हा विणली, आणि प्रत्येक टोक तीनदा उलटसुलट ओवलं. भाची आता चालायला लागली आहे, दुपटं ओढत घरभर फिरते. जोड कुठे आहे ते मलाही बोटांनी चाचपून शोधावं लागतं.