शेजारच्या सीटवाल्याचं तिकीट स्वस्त कसं?

"बाजूला बसलेल्या माणसाचं तेच विमान, तीच चहा-कॉफी, आणि त्याने आमच्यापेक्षा दोन हजार कमी दिलेत, मग आम्हाला लुटलं का?" हे दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्या तिकीट बुकिंगच्या ऑफिसात रोज ऐकायला मिळतं, म्हणून एकदाच लिहून देतोय.

इकॉनॉमीचा भाव एक नसतो. कंपनी त्याच सीटांचे वेगवेगळ्या भावाचे गठ्ठे पाडते, स्वस्त गठ्ठा संपला की पुढचा महाग उघडतो, आणि हे कायदेशीर आहे कारण 1994 पासून भाडं सरकार ठरवत नाही. अपवाद अडचणीच्या काळाचे, जसं डिसेंबर 2025 मध्ये फ्लाइट धडाधड रद्द झाल्या तेव्हा सरकारने कमाल भाडं बांधून दिलं होतं, 500 ते 1000 किलोमीटरला 12,000, म्हणजे मुंबई-नागपूर त्यातच आलं.

आता एक कामाची गोष्ट. चौघांचं तिकीट एकत्र शोधलंत आणि स्वस्त गठ्ठ्यात तीनच सीटा उरल्या असतील तर सिस्टीम बहुतेक वेळा चौघांनाही महागाचा भाव लावते, तीन अधिक एक असं तोडून काढलं की पैसे वाचतात. पण बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाबांच्या शेजारची सीट द्यायची हा डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा) नियम एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असलेल्यांसाठी आहे, तेव्हा पोराला वेगळ्या पीएनआरवर टाकून चारशे रुपये वाचवू नका, आम्ही पण तसं करून देत नाही.

सीट निवडणं, जेवण, जास्तीचं सामान, तारीख बदलणं यात स्वस्त-महाग फरक असणारच, आणि बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगितलं असेल तर आम्हाला त्यात अन्याय वाटत नाही. 2021 पासून तर चेक-इन बॅगेशिवायचं तिकीट स्वस्तात विकायलाही परवानगी आहे. लग्नाला निघालात आणि सोबत फराळाचे डबे असतील तर ते तिकीट घेऊ नका, एअरपोर्टवर किलोमागे जे मोजावं लागतं त्यात वाचलेलं सगळं जातं.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. कन्फर्म तिकीट असून, वेळेवर पोचूनही ओव्हरबुकिंगमुळे (सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे) चढू दिलं नाही आणि एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं नाही तर भरपाई मिळते, पण ती बेसिक भाडं आणि फ्युएल चार्जच्या हिशोबाने. पुढचं विमान 24 तासांच्या आत असेल तर 200 टक्के, कमाल 10,000, त्यानंतरचं असेल तर 400 टक्के, कमाल 20,000. समजा तुमचं बेसिक आणि फ्युएल मिळून 2,000 आणि शेजारच्याचं 5,000, दोघांनाही 24 तासांहून जास्त ताटकळत ठेवलं, तर तुम्हाला 8,000 आणि त्याला 20,000. मनस्ताप सारखाच की! म्हणून तिकिटाचा ब्रेकअप, म्हणजे भाडं, फ्युएल, टॅक्स किती याची फोड, जपून ठेवा, आमच्याकडून काढलंत तर आम्ही तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोच.

बाकी काही हक्क मात्र भावावर अवलंबून नाहीत. मुंबई-नागपूरसारखं छोटं उड्डाण दोन तासांहून जास्त लेट झालं तर खाणंपिणं द्यायला लागतं, सेलमधलं तिकीट असलं तरी. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड यातलं एक मागता येतं. बिझनेसचं तिकीट काढून इकॉनॉमीत बसवलं तर देशांतर्गत प्रवासात टॅक्ससकट तिकिटाचे 75 टक्के परत, हा नियम 2023 चा.

आणि सगळ्यात जास्त लोक सोडून देतात ते पैसे म्हणजे "नॉन-रिफंडेबल" तिकिटाचे. गेलातच नाहीत तरी सरकारी टॅक्स आणि यूडीएफ (युजर डेव्हलपमेंट फी) सारखी एअरपोर्टची फी परत मिळायलाच हवी, कारण ते पैसे कंपनीचे नाहीतच. शिवाय कॅन्सलेशन चार्ज बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्जच्या वर जाऊ शकत नाही. स्वस्त तिकिटात कधीकधी परत येणारी रक्कम सात-आठशेच असते, पण चार जणांचं कुटुंब असेल तर तीन हजारांच्या आसपास होतात, ते का सोडायचे? पीएनआर पाठवा, क्लेम आम्ही टाकतो.

आमचा सर्व्हिस चार्ज बिलावर वेगळा लिहिलेला असतो, तिकीट शंभर रुपयांचं असो की लाखाचं, तो माणशी सारखाच, आणि तिकीट रद्द केलं तर तो परत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.